निऱ्यांपुरती उंची

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही तीन दिवसांसाठी भाड्याची कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात गेलो होतो. बॉरोडेलच्या खोऱ्यात, सीथवेटच्या अलीकडे, एका शेतकऱ्याच्या कुरणात गाडी लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस कोसळत असताना मी दूध आणायला शेतघराकडे गेले आणि परत येताना, नीट न ओढलेल्या पडद्याच्या फटीतून, मला आई दिसली. ती गाडीत गुडघ्यांवर बसून साडी नेसत होती. पदर हनुवटीखाली दाबून धरलेला, डोके पुढे झुकलेले, आणि दोन्ही हात पोटाजवळ निऱ्या घालण्यात गुंतलेले. गुडघ्यांवर बसून घातलेली निरी खाली सुटत नाही, ती मांडीवरच दुमडते. म्हणून ती प्रत्येक निरी घातल्यावर एकेक गुडघा किंचित उचलून कापड सोडवत होती. माझ्या हातात दुधाची बाटली होती आणि टोपीवरून पाणी गळत होते. दार उघडावे की थांबावे हे मला कळेना. मी थांबले. ती बाहेर आली तेव्हा साडी एका बाजूला चार बोटे वर होती. आरशाशिवाय आणि उभे राहिल्याशिवाय ते तिला कळण्यासारखे नव्हते.

मी काही बोलण्याआधीच तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “असांदे गो, माका सवय आसा.”

त्या गाडीला उचलता येणारे छप्पर होते, ज्याला इथे सगळे पॉप-टॉप म्हणतात. दोन आकडे सोडवून हाताने रेटा दिला की मागच्या बिजागरीवर छप्पर पुढून वर उठते, बाजूंना कापडाच्या भिंती ताणल्या जातात आणि स्वयंपाकाच्या ओट्यासमोर माणूस ताठ उभा राहू शकतो. आदल्या संध्याकाळी आई तशीच उभी राहून पोहे भिजवत होती. पण रात्री दोनच्या सुमारास डोंगरावरून वारा उतरू लागला आणि कापड शिडासारखे फडफडायला लागले. भाड्याने देणाऱ्याने बजावून सांगितले होते की जोराच्या वाऱ्यात छप्पर खाली घ्यायचे. वर झोपलेली मी आणि माझी लेक खाली उतरलो, छप्पर ओढून बंद केले, लेक आजीच्या कुशीत शिरली आणि मी पुढच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन सकाळची वाट पाहिली. नवरा बाहेरच्या छोट्या तंबूत होता. सकाळी वारा तसाच होता, म्हणून छप्पर खालीच राहिले. आईने छत्री घेऊन जाऊन आंघोळ आटोपली, पण तिथल्या न्हाणीघराची जमीन पाण्याने भरलेली, साडीची टोके कुठे ठेवणार? गाउनवरच ती गाडीत परतली. जावयाला उठवून छप्पर उघडायला सांगणे तिच्या स्वभावात नाही.

सीथवेट हे इंग्लंडमधले सर्वांत जास्त पावसाचे वस्तीचे ठिकाण मानले जाते. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आईचे माहेर आंबोलीच्या पायथ्याशी. तिकडे घाटमाथ्यावर याच्या दुपटीने पाऊस पडतो, त्यामुळे पावसाची तिला कधीच भीती वाटली नाही. तिला त्या तीन दिवसांत एकच गोष्ट जड गेली, आणि ती पावसामुळे नव्हे तर छपरामुळे.

आम्ही स्वतःची गाडी घेण्याचा विचार त्याआधीपासून करत होतो. किती पैसे घालायचे, डिझेलची गाडी किती जुनी चालेल, किती झोपण्याच्या जागा हव्यात, हे सगळे वह्यांत लिहून झाले होते. छपराचा प्रश्न आम्ही शेवटी ठेवला होता, कारण तो दिसण्याचा प्रश्न आहे असे आम्हा दोघांनाही वाटत होते. छपराचे तीन प्रकार. पहिला, मूळ गाडीचा टप जसा आहे तसाच ठेवायचा. ती गाडी कुठेही लावता येते, वाऱ्याला कापत जाते, पण आत बसूनच सगळे करायचे. दुसरा, तो टप कापून उचलते छप्पर बसवायचे. तिसरा, कायमचे उंच छप्पर, म्हणजे हाय-टॉप. बॉरोडेलहून परतल्यावर त्या वहीतले हे पान मी पुन्हा उघडले आणि मला जाणवले की बाकीची सगळी पाने याच एका पानावर अवलंबून आहेत.

उचलत्या छपरावर माझे मन बसले होते, हे मला लपवायचे नाही. फोक्सवॅगनच्या गाड्यांवर ते शोभूनही दिसते. पण खरे कारण वेगळे होते. वरच्या पलंगावर, डोक्यापासून हातभर अंतरावर कापड, आणि त्या कापडावर पडणारा पाऊस. पत्र्यावरचा पाऊस बोलणे बंद पाडतो; कापडावरचा पाऊस जवळ येऊन बोलतो. पहिल्या रात्री लेकीने कापडाच्या खिडकीची चेन उघडली, जाळीला नाक लावले आणि कितीतरी वेळ ती ओल्या गवताचा, मेंढ्यांचा वास घेत पडून राहिली. नऊ वर्षांच्या मुलीला जगापासून थोडे वर, पण जगाच्या अगदी लगत राहायला मिळत होते. तिने त्या जागेला स्वतःहूनच “माळा” म्हटले. तो शब्द तिने आजीकडून उचलला होता.

आमच्या सावंतवाडीच्या घराला माळा होता. मंगळुरी कौलांचे घर, समोर पडवी, मग लोटा म्हणजे ओटी, आत माजघर, आणि माजघरावर फळ्यांचा माळा. तिथे नारळ, जुने पाट, लग्नातली मोठी भांडी आणि उन्हाळ्यात आम्ही मुले. कौलांतल्या एका काचेच्या कौलातून उन्हाचा पट्टा यायचा आणि त्यात धूळ वर-खाली करायची. वाशांना कोळीष्टके, धुराचा जुना वास, आणि पाऊस सुरू झाला की पहिल्यांदा एकेक कौल वेगळे वाजायचे आणि मग सगळे छप्पर एका आवाजात मिसळून जायचे. माळ्यावर आम्हालाही ताठ उभे राहता येत नसे, पण मुलांना त्याचे काय? मुलांना वाकण्यात मौजच असते. मी आजही डोळे मिटले की त्या घरातले माझे सगळ्यांत लाडके ठिकाण माळाच आहे.

पण त्या घराचे छप्पर सगळ्यांना सारखे उंच नव्हते. आढ्याखाली माजघरात दोन माणसांची उंची, आणि उतार जसजसा खाली येई तसतशी जागा कमी होत जाई. मागच्या पडवीत, जिथे चूल, पाटा-वरवंटा आणि भांडी घासायची मोरी होती, तिथे छपराची कड इतकी खाली आलेली की मोठ्या माणसाला कमरेत वाकूनच वावरावे लागे. पाऊस आत येऊ नये म्हणून कड खाली ठेवणे भागच होते, यात कुणाचा दोष नव्हता. पण तिथे दिवसभर वावरायची ती माझी आजी, आणि लग्न होऊन आल्यावर माझी आई. पुरुष मंडळी माजघरात जेवायला बसत, म्हणजे ज्या जागेत उभे राहता येते तिथे बसत. आणि बायका ज्या जागेत उभे राहता येत नाही तिथे उभ्याने काम करत. हे मी लहानपणी रोज पाहिले आणि मला कधी खटकले नाही. आईच्या मणक्याची झीज झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले तेव्हाही मी तिला फक्त कमरेचा पट्टा आणून दिला. “माका सवय आसा” या वाक्याचा उगम त्या मागच्या पडवीत आहे, हे मला बॉरोडेलच्या कुरणात, हातात दुधाची बाटली धरून उभी असताना कळले.

तरीही मी पॉप-टॉप लगेच सोडला नाही. लीड्सच्या बाहेर एका वर्कशॉपमध्ये आम्ही छप्पर बसवतात कसे हे बघायला गेलो. गाडीच्या टपावर चिकटपट्टीने आखणी केलेली होती, आणि कारागीर करवतीने ती रेघ कापत पुढे सरकत होता. कापलेला पत्रा दोघांनी मिळून उचलला तेव्हा तो एखाद्या मोठ्या परातीसारखा थरथरला. त्याच्या पोटाला आडव्या पट्ट्या होत्या, ज्या टपाला ताकद देतात. त्या आता मधोमध तुटलेल्या दिसत होत्या. त्यांच्या बदल्यात लोखंडी चौकट चिकटवून बसवतात, आणि ती चौकट कुणी तपासली आहे, कुठल्या चाचणीतून गेली आहे, हे विचारल्याशिवाय कुणीही असे छप्पर घेऊ नये असे माझे ठाम मत झाले आहे. कारागीर मात्र मन लावून काम करणारा होता. कापून झाल्यावर तो बराच वेळ व्हॅक्यूमने लोखंडाचा कीस वेचत बसला. एक कण जरी रंगावर राहिला तरी तो गंजतो आणि त्याभोवती तपकिरी डाग पसरत जातो, असे त्याने मला बोटाने दाखवून सांगितले. कापडाबद्दल त्याने आणखी एक गोष्ट सांगितली: ओले असताना बंद केलेले छप्पर घरी पोचल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवायचे. दोन-चार दिवस तसेच राहिले तर बुरशीचे काळे ठिपके धरतात, आणि ते कापडाच्या शिवणीतून पुन्हा कधी पुरते जात नाहीत. मला आमच्या घरी आषाढात दोरीवर न वाळणारे कपडे आठवले.

एक जुनी गाडी मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. ती विकायची नव्हती, नुसती पाहायला ठेवलेली होती. बेडफर्ड व्हॅनची डॉर्मोबिल कॅम्परव्हॅन, फोकस्टनच्या कारखान्यात घडवलेली. तिचे छप्पर पुढे किंवा मागे न उघडता एका बाजूला उघडते, एखादी पेटी उघडावी तसे, आणि तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड ताणून उभे राहते. इंग्लंडमध्ये एका पिढीने सुट्टी म्हणजे काय हे अशाच पट्ट्यांखाली झोपून ओळखले. गाडीची मालकीण सत्तरीतली होती. ती आत उभी राहून किटलीत पाणी ओतत होती, आणि छपराच्या उघड्या बाजूला ताठ उभी राहत होती, मिटल्या बाजूला वाकत होती. “तुम्हाला त्रास होत नाही का?” असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली की पन्नास वर्षांत पावलांना जागा पाठ झाली आहे. मी हसून मान डोलावली, पण परतताना मला आईचेच वाक्य ऐकू येत होते. भाषा वेगळी होती, इतकेच.

उंच छपराच्या बाजूने आणि विरोधात जे काही आहे ते आम्ही दोन आठवड्यांत अंगावर घेऊन पाहिले. ओळखीच्या एका कुटुंबाची हाय-टॉप घेऊन आम्ही यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्रालगतच्या वाहनतळाच्या तोंडाशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा आडवा दांडा होता, आणि त्यावर लिहिलेले होते २.१ मीटर. आमची गाडी अडीच मीटरची. समुद्र दिसत होता, खारा वास येत होता, लेकीने बादली-फावडे मांडीवर घेतलेले, आणि आम्हाला मागच्या मागे वळावे लागले. असे दांडे इथे शेकड्यांनी आहेत; रात्री कुणी गाडीत झोपू नये म्हणूनही ते लावतात. फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया ही कॅम्परव्हॅन दोन मीटरच्या किंचित आतच ठेवली आहे ती याचसाठी, म्हणजे दोन मीटरच्या दांड्याखालून ती जेमतेम का होईना निघावी. परत येताना एम-६२ महामार्गावर, पेनाइन डोंगरांच्या माथ्यावर, इंग्लंडमधल्या महामार्गांचा सर्वांत उंच टप्पा लागतो, ३७२ मीटरचा. तिथे बाजूने मोठा ट्रक पुढे गेला की आधी वारा थांबतो आणि ट्रक सरकताच सगळा वारा एकदम गाडीच्या कुशीवर येऊन आदळतो. नवऱ्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरले होते आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. उंच छप्पर म्हणजे रोजच्या प्रवासात सोबत घेतलेले एक शीड, हे मला तेव्हा कळले.

घरी आल्यावर नवऱ्याने शांतपणे मुद्दा मांडला. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर येते, आणि तेही दोन वर्षांतून एकदा. त्या सहा महिन्यांत आपण फार तर चार-पाच वेळा गाडी बाहेर काढणार. उरलेल्या काळात गाडी आपण तिघेच वापरणार, आणि मुलीची वरच्या पलंगावर झोपण्याची वर्षे आता पाच-सहाच उरली आहेत. हिशेब चुकीचा नव्हता. मला त्याचा रागही आला नाही, कारण तो लेकीच्या बाजूने बोलत होता आणि मी आईच्या बाजूने, आणि दोघांचेही काळ मोजकेच होते. लेकीने वरून, जिन्याच्या कठड्यातून, सगळे ऐकले होते. ती म्हणाली, “आजीला वर चढता येणार नाही, पण मला खाली झोपता येईल.” तिने हे मोठेपणाने म्हटले नाही, तिला माळा हवाच होता आणि डोळ्यांत पाणीही होते.

वाहनांची नोंदणी करणाऱ्या इथल्या सरकारी खात्याच्या, म्हणजे डीव्हीएलएच्या, नियमांत एक गोष्ट वाचून मी थांबले होते. साध्या व्हॅनचे रूपांतर केल्यावर कागदावर तिला मोटर कॅराव्हॅन म्हणवून घ्यायचे तर बाहेरून काही खुणा दिसाव्या लागतात, आणि त्यांत उंच छप्पर धरले जाते. उचलते छप्पर मात्र धरले जात नाही. कारण सरळ आहे, रस्त्यावरून जाताना मिटलेले छप्पर दिसत नाही. पण मला त्या नियमात आमच्या घरातला वाद दिसला. उचलते छप्पर हे हवा बरी असली, वारा पडलेला असला आणि कुणी उठून आकडे सोडवले तरच छप्पर असते. ज्याला ते सोडवता येत नाहीत, किंवा ज्याला कुणाला उठवायचा संकोच वाटतो, त्याच्यासाठी ते मिटलेलेच असते. बंद टपाच्या अशा गाडीत आतली उंची १.४ मीटर, लाकडी जमीन आणि अस्तर बसवल्यावर त्याहूनही कमी. आई पाच फुटांची आहे. म्हणजे फरक जेमतेम वीतभराचा. तेवढ्या वितीसाठी ती गुडघ्यांवर बसली होती.

शेवटी आम्ही फोक्सवॅगनचा नाद सोडला आणि सहा वर्षांची फियाट डुकाटो व्हॅन घेतली, मधल्या उंचीच्या छपराची, बाहेरून २.५२ मीटर. जुन्या हाय-टॉप गाड्यांवर फायबरचे छप्पर नंतर चिकटवलेले असते आणि त्या जोडातून पाणी झिरपते. तशा दोन गाड्यांत मी कोपऱ्यातले अस्तर अंगठ्याने दाबले तेव्हा ते ओल्या पुठ्ठ्यासारखे आत गेले होते. डुकाटोचे छप्पर कारखान्यातूनच पत्र्याचे येते, कापलेले किंवा जोडलेले नसते. गाडी रुंद आहे, त्यामुळे मागे आडवा पलंग बसतो आणि पाच फुटांचे माणूस त्यावर निवांत पाय पसरते. छपराला चाळीस सेंटिमीटरचा चौकोनी झरोका आहे. लेकीची उशी आम्ही बरोबर त्याच्याखाली ठेवली आहे. पहिल्या रात्री तिने वर पाहत विचारले की पावसाचा आवाज येईल का. आवाज येतो, पण पत्र्याचा येतो. तो जवळ येऊन बोलत नाही. हे मी तिला सांगितले नाही, तिला ते आपसूक कळले असणार, कारण ती कूस बदलून झोपली. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या, ऊन अडवणाऱ्या झडपेवर नवऱ्याने कागद चिकटवला आहे: २.५२. किनाऱ्यावरच्या त्या वाहनतळावर आम्ही आता जाऊ शकणार नाही.

आई पुढच्या वर्षी येणार आहे. तिने दोन साड्या इथेच ठेवल्या आहेत, पुढच्या वेळी ओझे नको म्हणून. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, घरासमोर गाडी उभी असताना आणि बाहेर बारीक पाऊस लागलेला असताना, मी कपाटातून तिची हिरवी इरकल काढली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्याखाली तिचा. मी गाडीत जाऊन दार ओढून घेतले. मला साडी नेसायची फारशी सवय राहिलेली नाही, त्यामुळे पहिला वेढा सैल झाला आणि पुन्हा घालावा लागला. पदर खांद्यावरून मागे टाकताना हात वर गेला आणि बोटांची पेरे छताच्या दिव्याला टेकली. आईचा हात एवढा वर जाणार नाही, तिला पुरेल. मग मी पावलांशी काठ जमिनीला लागतो की नाही हे पाहिले, मान खाली घातली आणि निऱ्या घालू लागले. कापड सरळ खाली सुटत होते. सहाव्या निरीला कोपर शेगडीच्या झाकणाला लागले, मी अर्धे पाऊल मागे सरकले आणि सातवी घातली.